विंग लोडिंग : छोट्या विमानाचे वेग, वळणं आणि धावपट्टीचा हिशेब

सेस्ना 172एस या छोट्या विमानाच्या एअरस्पीड इंडिकेटरवर, म्हणजे वेग दाखवणाऱ्या डायलवर, हिरवा पट्टा 48 नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) सुरू होतो आणि पांढरा 40 ला. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे भाग) वर असतील तर 48 ला स्टॉल, म्हणजे पंखाची उचल एकदम ढासळणं, पूर्ण खाली असतील तर 40 ला, असा त्यांचा अर्थ. हे दोन आकडे विद्यार्थी पहिल्या आठवड्यातच पाठ करतात. पण दोन्ही आकडे कमाल वजनाचे, म्हणजे 1157 किलोंचे आहेत. सोलोला, म्हणजे एकट्याने उडायला, निघालेला विद्यार्थी टाकीत 80 लिटर इंधन घेऊन बसतो तेव्हा त्याच विमानाचं वजन नऊशे किलोंच्या आत असतं. स्टॉल, अप्रोच (उतरायला येताना), ग्लाइड (इंजिनाशिवाय तरंगताना), सगळे वेग खाली सरकलेले असतात. डायलवरचे रंग मात्र जागचे हलत नाहीत.

या सगळ्याच्या मुळाशी विंग लोडिंग आहे. विमानाचं वजन भागिले पंखाचं क्षेत्रफळ, एवढंच ते गणित. पुस्तकांत ते विमानाचा कायमचा गुणधर्म म्हणून छापतात आणि तिथेच घोटाळा होतो. पंखाचं क्षेत्रफळ कायम असतं, वजन नसतं. माझं ठाम मत आहे की वेग पाठ करण्याआधी ते कुठून येतात हे वैमानिकाला कागद-पेन्सिलने काढता यायला हवं. शाळेतलं वर्गमूळ येत असलं की पुरे. ते कसं काढायचं आणि उडताना कसं वापरायचं, ते पुढे क्रमाने देतो. फ्लाइट मॅन्युअल आणि तुमचा इन्स्ट्रक्टर यांची जागा हा लेख घेऊ शकत नाही, पण मॅन्युअलमधले तक्ते असे का आहेत हे यावरून कळेल.

पायरी 1 : विंग लोडिंग काढा

मॅन्युअलच्या पहिल्याच प्रकरणात कमाल वजन आणि पंखाचं क्षेत्रफळ दिलेलं असतं. अमेरिकन विमानांच्या मॅन्युअलमध्ये ते पौंड आणि चौरस फुटांत असतं. पौंड प्रति चौरस फूट या आकड्याला 4.88 ने गुणलं की किलो प्रति चौरस मीटर मिळतात.

172एसचं क्षेत्रफळ 174 चौरस फूट, म्हणजे 16.2 चौरस मीटर. 1157 भागिले 16.2, उत्तर 71.4 किलो प्रति चौरस मीटर. आता सोलोचा हिशेब. रिकामं विमान साधारण 760 किलो धरा (तुमच्या विमानाचा नेमका आकडा त्याच्या वेट अँड बॅलन्सच्या कागदावर असतो, तोच घ्या), विद्यार्थी 70 किलो आणि 80 लिटर अॅव्हगॅसचे 58 किलो. बेरीज 888 किलो, विंग लोडिंग 54.8. विमान तेच, पंख तोच, आणि भार जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी.

पायरी 2 : आपलं विमान कुठे बसतं ते पाहा

कमाल वजनाला पायपर जे-3 कबचं विंग लोडिंग सुमारे 33 येतं, सेस्ना 152 चं 51, 172एसचं 71, डायमंड डीए40 चं 85 च्या आसपास आणि सिरस एसआर22 चं 115 च्या जवळ. एअरबस ए320 सहाशेच्या पुढे जातं. म्हणूनच त्याच्या पंखाला पुढे स्लॅट (पुढच्या कडेच्या सरकत्या पट्ट्या) आणि मागे मोठाले फ्लॅप लागतात, त्यांच्याशिवाय ते कुठल्याही नेहमीच्या धावपट्टीवर उतरू शकलं नसतं.

भार कमी असलेलं विमान हळू उडतं, थोडक्या जागेत उतरतं, लहान वर्तुळात वळतं आणि वाऱ्याचे धक्के खातं. भार जास्त असलेलं वेगात प्रवास करतं, खवळलेल्या हवेत शांत राहतं आणि त्याची किंमत धावपट्टीच्या लांबीत वसूल करतं. विमान बनवणारा या दोन टोकांमध्ये एक जागा निवडतो. प्रवासाच्या वेगासाठी पंख लहान ठेवायचा मोह प्रत्येक डिझायनरला असतो, कारण पंख जेवढा मोठा तेवढा हवेशी घर्षणाचा पृष्ठभाग मोठा. त्या मोहाला अमेरिकेत नियमाने लगाम घातला होता. एका इंजिनाच्या छोट्या विमानाचा उतरतानाच्या स्थितीतला स्टॉल 61 नॉटच्या वर जाऊ नये, असं बंधन तिथे अनेक दशकं होतं. एसआर22 चा फ्लॅप-खालचा स्टॉल 60 च्या आसपास आहे, तो योगायोग नव्हे.

पायरी 3 : स्टॉलचा वेग स्वतः काढा

समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेत सगळे स्थिरांक एकत्र केले की एक सुटसुटीत सूत्र हाती येतं :

स्टॉल वेग (मीटर प्रति सेकंद) = 4 × √(विंग लोडिंग ÷ कमाल लिफ्ट कोइफिशंट)

लिफ्ट कोइफिशंट म्हणजे तो पंख जास्तीत जास्त किती उचल देऊ शकतो याचा आकडा. साध्या ट्रेनर विमानात फ्लॅप वर असताना 1.5 आणि पूर्ण खाली असताना 1.9 धरला तर फार चूक होत नाही. 172एससाठी 71.4 भागिले 1.5 म्हणजे 47.6, त्याचं वर्गमूळ 6.9, चारने गुणून 27.6 मीटर प्रति सेकंद. नॉटमध्ये करायला 1.94 ने गुणा : 53.5. मॅन्युअल 53 म्हणतं.

पण डायलवर तर 48 होते! फरक उपकरणाचा आहे. स्टॉलजवळ विमानाचं नाक इतकं वर असतं की पिटो नळीत (वेग मोजणाऱ्या नळीत) हवा तिरकी शिरते आणि काटा कमी दाखवतो. 53 हा दुरुस्त केलेला, कॅलिब्रेटेड वेग आणि 48 हा काट्यावर दिसणारा. पुढची सगळी गणितं कॅलिब्रेटेड वेगात करा आणि शेवटी मॅन्युअलच्या तक्त्यावरून काट्याच्या वेगात आणा. हा क्रम उलटा केला तर पाच-पाच नॉटची चूक होते, आणि तीही बहुधा धोक्याच्या बाजूची.

वजन बदललं की नवा वेग काढायला सूत्र पुन्हा मांडायचीही गरज नाही. जुन्या वेगाला (नवं वजन ÷ कमाल वजन) याच्या वर्गमूळाने गुणा. 888 भागिले 1157 म्हणजे 0.767, वर्गमूळ 0.876. सोलोमध्ये स्टॉल 53 वरून 46 वर आला, फ्लॅप खाली असतील तर 48 वरून 42 वर.

तोल पुढच्या बाजूला, म्हणजे सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी पुढे असेल तर शेपटीला खाली जोर लावावा लागतो, आणि तो जोरही पंखालाच पेलावा लागतो. विमान काट्यावर जेवढं भरेल त्याहून पंखाला ते जड वाटतं. म्हणून काही मॅन्युअलमध्ये स्टॉलचे दोन तक्ते असतात, तोल पुढे असतानाचा आणि मागे असतानाचा.

पायरी 4 : अप्रोचचा वेग वजनाप्रमाणे ठरवा

या पायरीवर रेंगाळतो, कारण नव्या वैमानिकांच्या लँडिंगमधल्या निम्म्या तक्रारींचं उत्तर इथे आहे.

फायनलवरचा, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत सरळ उतरतानाचा, वेग साधारणपणे फ्लॅप-खालच्या स्टॉलच्या 1.3 पट ठेवतात. कमाल वजनाला 48 × 1.3 म्हणजे 62. सोलोमध्ये 42 × 1.3 म्हणजे 55. आता विद्यार्थी रोज इन्स्ट्रक्टरबरोबर 65 ने येतो आणि सोलोलाही 65 नेच येतो. त्याला वाटतं, थोडा जास्त वेग म्हणजे जास्त सुरक्षा. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते : (65 ÷ 55) चा वर्ग सुमारे 1.4. गरजेपेक्षा चाळीस टक्के जास्त ऊर्जा घेऊन विमान धावपट्टीच्या उंबऱ्यावर येतं. फ्लेअर करताच, म्हणजे टेकण्याआधी नाक वर उचलताच, ते जमिनीलगत तरंगत राहतं, उतरायचं नाव घेत नाही. धावपट्टी खालून सरकताना पाहून विद्यार्थी घाबरतो, नाक खाली दाबतो, पुढचं चाक आधी टेकतं आणि विमान उसळी मारतं. नोज गिअर वाकण्याचे, प्रॉपेलर जमिनीला लागण्याचे कितीतरी प्रसंग या साखळीतून घडतात.

उपाय सोपा आहे. उड्डाणाआधी वजनाची बेरीज करताना त्याच कागदावर आजचा अप्रोच वेग लिहा. वारा झोतांचा असेल तर झोत आणि सरासरी वारा यांतल्या फरकाचा निम्मा त्यात मिळवा, पण तो मिळवतोय हे माहीत असू द्या. आणि इन्स्ट्रक्टरला विचारल्याशिवाय नवा वेग वापरू नका. पहिल्यांदा तो बाजूला बसलेला असतानाच कमी वजनात एक-दोन लँडिंग करून पाहा.

पायरी 5 : वळणात पंख किती जड होतो ते जाणून घ्या

उंची न घालवता 60 अंश बँक केलीत, म्हणजे विमान तेवढं कुशीवर कलवलंत, की पंखाला दुप्पट वजन पेलावं लागतं. म्हणजे 71 वाली 172 त्या क्षणी 143 ची झालेली असते, सरळ उडणाऱ्या एसआर22 पेक्षाही जड. स्टॉलही त्या प्रमाणात वर जातो. कमाल वजनाच्या 172एसचा फ्लॅप-वरचा स्टॉल सरळ उड्डाणात 53, 30 अंशांत 57, 45 अंशांत 63 आणि 60 अंशांत 75.

या आकड्यांकडे बेसवरून (धावपट्टीला काटकोनात असलेल्या टप्प्यावरून) फायनलवर वळतानाच्या नजरेने पाहा. मागून वारा होता, वळण उशिरा सुरू झालं, धावपट्टीची मध्यरेषा निसटली. हात आपोआप बँक वाढवतो. 30 अंशांपर्यंत स्टॉल चार नॉटनेच वाढला होता, पुढच्या 15 अंशांत आणखी सहा नॉट वाढला. त्यात जास्तीचा रडर (शेपटीचं उभं सुकाणू) देऊन नाक ओढायचा प्रयत्न झाला तर एक पंख आधी स्टॉल होतो, आणि तेवढ्या उंचीवर स्पिनमधून, म्हणजे गिरक्या घेत पडण्यातून, बाहेर यायला जागा नसते. सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या फेरीत) बँक 30 अंशांच्या वर न्यायची नाही, रेषा निसटली तर गो-अराउंड करायचा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायचं. यात तडजोड नको.

वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, आणि स्टॉलच्या तुलनेत सारखीच सवलत ठेवून उडायचं तर वेगाचा वर्ग विंग लोडिंगच्या प्रमाणात वाढतो. म्हणून 30 अंश बँकमध्ये 65 नॉटची 172 सुमारे 200 मीटर त्रिज्येत वळते, तर 80 नॉटच्या एसआर22 ला 300 मीटर लागतात. सह्याद्रीतल्या दरीत माघारी फिरायची वेळ आली तर हे शंभर मीटर मोलाचे ठरतात.

पायरी 6 : उन्हाळ्यातली धावपट्टी

दख्खनच्या पठारावर उडणाऱ्यांसाठी ही पायरी दर एप्रिल-मेमध्ये ताजी होते. पुण्याची उंची सुमारे 560 मीटर. तिथे दुपारी 40 अंश तापमान असेल तर हवेची घनता समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेच्या 86 टक्क्यांवर येते. विमानाच्या दृष्टीने आपण पाच हजार फुटांहून उंच जागी उभे असतो.

काट्यावर जमीन सोडायचा वेग तोच दिसतो, पण चाकांचा जमिनीवरचा खरा वेग सुमारे आठ टक्क्यांनी जास्त असतो. तो वेग गाठायला लागणारी धाव एवढ्यानेच 16 टक्क्यांनी वाढते. शिवाय विरळ हवेत इंजिनची ताकदही कमी होते. दोन्ही मिळून समुद्रसपाटीला प्रमाण हवेत 293 मीटर धावणारी 172एस इथे चाळीस टक्क्यांहून जास्त धावते. 15 मीटरचा अडथळा ओलांडायला लागणारं एकूण अंतर समुद्रसपाटीलाच 497 मीटर आहे, तेही त्याच वाटेने वाढतं.

हवा आपल्या हातात नाही, विंग लोडिंग आहे. वजन दहा टक्क्यांनी घटवलं की टेकऑफचं अंतर साधारण वीस टक्क्यांनी कमी होतं. कमी भार दोन्हीकडून मदत करतो : जमीन सोडायचा वेग कमी लागतो आणि तोवर विमान लवकर वेग पकडतं. लँडिंगमध्ये दहा टक्के वजनाला अंतरात दहा टक्केच फरक पडतो. म्हणून चौथा प्रवासी की पूर्ण टाकी, असा प्रश्न आला तर तो आधी टेकऑफच्या तक्त्याला विचारा. जवळच्या ठिकाणी अर्धी टाकी घेऊन जाणं आणि तिथे भरणं कमीपणाचं नाही. विमान त्यासाठीच तसं बनवलेलं असतं.

चढण्याच्या दराबद्दल एक गैरसमज दूर करतो. मोठा पंख म्हणजे चांगला चढ, असं सरसकट नसतं. चढ मुख्यतः दर किलोमागे किती अश्वशक्ती शिल्लक राहते आणि पंखाची लांबी वजनाच्या मानाने किती, यावर ठरतो.

पायरी 7 : धक्के आणि मॅनूव्हरिंग स्पीड

वर जाणारा हवेचा झोत पंखाला लागला की जास्तीची उचल पंखाच्या क्षेत्रफळाप्रमाणे तयार होते. ती वजनाने भागली जाते. म्हणून त्याच झोतात कमी विंग लोडिंगचं विमान जास्त उडतं, जसा खड्ड्यांच्या रस्त्यावर रिकामा टेम्पो उडतो आणि भरलेला दमाने जातो. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी 152 मध्ये बसलेल्याला हे सांगावं लागत नाही. शक्य असेल तिथे नवशिक्यांच्या सॉर्टी सकाळी लवकर आटोपाव्यात, ते यासाठीच.

आता मॅनूव्हरिंग स्पीड, म्हणजे ज्याच्या खाली कंट्रोल पूर्ण ओढला तरी सांगाड्याला इजा होण्याआधी विमान स्टॉल होतं तो वेग. विमान हलकं झालं की हा वेग कमी होतो, आणि परीक्षेतही बरेच जण इथे उलटं उत्तर देतात. 172एसच्या मॅन्युअलमध्ये 1157 किलोंना 105 नॉट, 998 किलोंना 98 आणि 862 किलोंना 90 दिलेले आहेत. सांगाडा 3.8 जीपर्यंत, म्हणजे वजनाच्या 3.8 पट भारापर्यंत, सांभाळायचा आहे. जड विमानाला 3.8 जीपर्यंत ओढायला पंखाने भरपूर उचल द्यायला हवी, आणि 105 च्या खाली त्याआधीच तो स्टॉल होऊन सगळं सोडून देतो. म्हणजे स्टॉलच सांगाड्याचं रक्षण करतो. हलक्या विमानात तोच पंख, तीच उचल, पण ओढायचं वजन कमी, त्यामुळे 105 नॉटलाच पाच जीच्या आसपास झटका बसू शकतो. पंख तो झेलेलही, पण इंजिनचा माउंट, बॅटरीचा कप्पा, सीटचे बोल्ट हे आपापल्या वजनाच्या पटीत ओढले जातात. सोलोमध्ये धक्के सुरू झाले तर 105 वर थांबू नका, 90 पर्यंत खाली या. हा वेग एकाच बाजूच्या एका पूर्ण हालचालीपुरता आहे, हेही लक्षात ठेवा. 12 नोव्हेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या 587 क्रमांकाच्या उड्डाणात रडर डावी-उजवीकडे वारंवार टोकापर्यंत नेला गेला आणि मॅनूव्हरिंग स्पीडच्या खाली असूनही शेपटीचा उभा पंख तुटला.

पायरी 8 : इंजिन बंद पडलं तर

जड विमान कमी अंतर तरंगतं, हा समज चुकीचा आहे. शांत हवेत तेवढ्याच उंचीवरून जड आणि हलकं विमान सारखंच अंतर कापतं. फक्त जड विमानाने ते जास्त वेगाने कापायचं असतं. 172एसचा ग्लाइडचा वेग कमाल वजनाला 68, सोलोच्या 888 किलोंना 60. सोलोत 68 ठेवलात तर थोडं अंतर वाया जातं. समोरून जोराचा वारा असेल तर मात्र थोडा जास्त वेगच बरा.

ग्लायडरवाले हे नियम मुद्दाम कामाला लावतात. स्पर्धेतल्या ग्लायडरच्या पंखांत पाणी भरतात आणि विंग लोडिंग तीसच्या आसपासून पन्नासपर्यंत नेतात. जोरदार थर्मल (तापलेल्या हवेचे वर जाणारे झोत) असलेल्या दिवशी दोन थर्मलमधलं अंतर त्यामुळे झपाट्याने कापलं जातं. थर्मल मंदावले की पाणी सोडून देतात, आणि उतरण्याआधीही सोडतात, कारण लहान मैदानात हलका पंखच हवा. पुण्याला हडपसरचं ग्लायडिंग सेंटर आहे. इंजिनाच्या विमानाकडे वळण्याआधी तिथे काही उड्डाणं मिळाली तर जरूर घ्या, उंची आणि वेगाचा व्यवहार हाताला तिथे फार लवकर कळतो.

पायरी 9 : एका विमानावरून दुसऱ्यावर जाताना

152 वर शिकून एसआर22 सारख्या विमानावर जाणाऱ्याचं विंग लोडिंग दुपटीहून जास्त होतं. उतरतानाचे वेग वीस नॉटच्या आसपास वाढतात. सर्किट मोठं ठेवावं लागतं. पॉवर काढली की विमान झटकन खाली बसतं, म्हणून फ्लेअरपर्यंत थोडी पॉवर लागते. आडव्या वाऱ्यात मात्र नवं विमान सुखाचं वाटतं : 15 नॉटच्या आडव्या वाऱ्यात 60 ने येणाऱ्याला सुमारे 14 अंश तिरकं राहावं लागतं, 80 ने येणाऱ्याला 11.

उलट दिशेने, जड विमानावरून कब किंवा अल्ट्रालाइटवर येणारे अनुभवी वैमानिक जास्त फसतात. इंजिन बंद पडताच हलक्या विमानाचा वेग बघता बघता संपतो, कारण वजनाच्या मानाने हवेचा विरोध मोठा आणि साठवलेली ऊर्जा थोडी. नाक लगेच खाली जायला हवं, विचार नंतर. जमिनीवर टॅक्सी करतानाही वाऱ्याकडे लक्ष लागतं, आणि उभं करून ठेवताना ते दोरांनी बांधलंच पाहिजे.

नवं विमान घेतलंत की इन्स्ट्रक्टरला घेऊन जमिनीपासून निदान चार हजार फूट वर जा. आधी आजच्या वजनाचे फ्लॅप-वरचे आणि फ्लॅप-खालचे स्टॉल वेग काढून, काट्याच्या वेगात आणून, नी-बोर्डवर (मांडीवर बांधायच्या पाटीवर) लिहून ठेवा. मग दोन्ही स्थितींत सावकाश स्टॉलपर्यंत जा, स्टॉल वॉर्निंग कधी वाजतं, पंख कधी थरथरतो, काटा कुठे असतो, ते त्या आकड्यांशेजारी नोंदवा. 30 अंश बँकमध्ये एकदा तेच करा. लिहिलेल्या आणि दिसलेल्या आकड्यांत दोन-तीन नॉटांहून जास्त तफावत आली तर उतरल्यावर वजनाची बेरीज पुन्हा तपासा. बहुतेक वेळा मागच्या सीटवरची बॅग किंवा टाकीतलं जास्तीचं इंधन धरायचं राहिलेलं असतं. तिथे काही सापडलं नाही तर पिटो नळी इंजिनिअरला दाखवा.